मला गोवर आलाच नव्हता

माझ्या पोटात उजव्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या जरा वर, माझ्या भावाची किडनी आहे. हात ठेवला की तिथं किंचित टणक लागतं. ती बसवून आता नऊ वर्षं झाली.

त्याआधी मी गारखेड्यातल्या एका शाळेत पाचवी ते सातवीला गणित शिकवायचे. लग्न झालं नाही. स्थळं यायच्या वयातच माझ्या लघवीच्या तपासणीत काहीतरी निघालं आणि मग घरात तो विषय कुणी काढला नाही. चाळिशी ओलांडेपर्यंत दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जायचे आणि दुपारची शाळा असेल तर तिथूनच थेट वर्गात. आई-वडील तोवर गेले होते. राहिला होता एक भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तो पाचोडजवळ आमच्या गावी मोसंबीची बाग आणि थोडी कपाशी बघतो.

किडनी देणारं घरात कुणी आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले होते. दादाला कुठून कळलं, कोण जाणे. एका सकाळी पहिल्या एस. टी.नं तो आला, चहा घेतला आणि म्हणाला, "माझी घे. दोन घेऊन मी तरी काय करतो?" वहिनी त्यानंतर दोन महिने माझ्याशी बोलली नाही. तिच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी तो भिंत धरत धरत माझ्या खोलीच्या काचेपर्यंत आला आणि खुणेनंच विचारलं, चालू झाली का? मी मान हलवली. एवढंच. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

दुसऱ्याची किडनी शरीरानं परकी समजून टाकून देऊ नये म्हणून रोज बारा तासांच्या अंतरानं गोळ्या घ्याव्या लागतात. त्या गोळ्या शरीराची लढायची ताकदच कमी करतात. सुट्टी देताना डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं की, तुम्ही आता बऱ्या झालात, पण इतरांना जे दोन दिवसांत बरं होतं ते तुम्हाला दवाखान्यात आणू शकतं. गर्दीत जायचं नाही, शिंकणाऱ्या माणसाजवळ बसायचं नाही, उघड्यावरचं खायचं नाही. आणि वर्गात जायचं नाही. पोरं म्हणजे सर्दी, कांजिण्या, गालगुंड, वर्षभर काही ना काही चालूच.

मुख्याध्यापिका चांगल्या होत्या. त्यांनी मला ऑफिसात दाखले लिहायचं काम दिलं. मधल्या सुट्टीत मी दार लावून आत बसायचे. बाहेर पोरांचा गलका आणि आत मी, हजेरीपटांसोबत. एकदा सातवीतली एक मुलगी गणित विचारायला दारात आली. मी तिला तिथंच थांबवलं आणि लांबूनच सांगायला लागले. ती वही छातीशी धरून ऐकत राहिली. मग "कळलं बाई" म्हणाली. तिला काही कळलं नव्हतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. त्या वर्षाअखेर मी नोकरी सोडली.

तेव्हापासून दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहते. सुरुवातीला लोक बोलवायचे. हळदीकुंकू, बारसं, शेजारच्या मुलीचा साखरपुडा. मी तोंडाला मास्क लावून दारापर्यंत जायचे, ओटी घ्यायचे आणि परत यायचे. लोकांनाही ते अवघड वाटायचं. घरात आजारी माणूस असल्यासारखं ते हळू बोलायला लागायचे. हळूहळू बोलावणी थांबली. कुणी मुद्दाम थांबवली नाहीत.

मग करोना आला. हे बोलायला बरं दिसत नाही, पण त्या दोन वर्षांत मला सगळ्यात कमी एकटं वाटलं. सगळं शहर माझ्यासारखं राहायला लागलं होतं. समोरच्या बाल्कनीतल्या बाई, ज्यांना माझं नावही ठाऊक नव्हतं, रोज संध्याकाळी बाहेर येऊन विचारायच्या की, हात किती वेळ धुवायचे, भाजी कशी धुवायची. मी सांगायचे. त्या मला बाई म्हणायला लागल्या. नंतर सगळं उघडलं. लोकांनी मास्क काढून टाकले आणि जिथून उठले होते तिथं जाऊन बसले. मी तिथंच राहिले. आता मास्क लावून खाली उतरले की रिक्षावाले विचारतात, "अजून घाबरता का काय, मॅडम?"

करोनाची लस आली तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात घेतली. डॉक्टर म्हणाले की, तुमच्या शरीरात तिचा असर अर्धामुर्धाच होईल, तेव्हा तुमच्याजवळ येणाऱ्यांनी घेतलीच पाहिजे. माझ्याजवळ येणारा माणूस एकच होता. मी दादाला फोन केला.

तो म्हणाला की, बघू. पुढच्या फोनलाही बघू. तिसऱ्यांदा मी जरा जोर केला. मागं मोटारीचा आवाज येत होता, बागेत पाणी चालू होतं.

"माझ्याकडं एकच राहिलीय, बाई," तो म्हणाला. "तिला काय झालं म्हंजी?"

डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मला पाठ होतं. एका किडनीवर जगणाऱ्या माणसानं तर लस आधी घ्यायला पाहिजे, हेही माहीत होतं. पण त्याच्याकडं एकच राहिली होती ती माझ्यामुळं. त्याची दुसरी माझ्या पोटात व्यवस्थित चालली होती. त्याला भित्रा म्हणायचा, अडाणी म्हणायचा हक्क इतर कुणालाही असेल, मला नव्हता. मी विषय बदलला आणि मोसंबीला बहर कसा आहे ते विचारलं.

त्याच्या भीतीला नुसतं मोबाइलवरचं खाद्य नव्हतं. शेजारच्या मळ्यातला त्याचा जुना जोडीदार लस घेतल्यावर पंधरा-वीस दिवसांनी बांधावर बसल्या बसल्या गेला. त्याचं हृदय आधीपासून खराब होतं, हे दादालाही ठाऊक होतं. पण त्याला खांद्यावर घेऊन घरी आणणाऱ्यांत दादा होता. नंतर गावात पथक आलं. त्यातल्या कुणी तरी सगळ्यांसमोर बजावलं की, न घेणाऱ्याचं रेशन बंद होईल. दादा तिथून उठला आणि दिवसभर बागेत जाऊन बसला. पुढं कुणी कितीही समजावलं तरी तो ऐकेना. वहिनीनं घेतली, त्याच्या मुलानं, माझ्या भाच्यानं घेतली. त्यानं घेतली नाही.

दोन वर्षांनी भाच्याला मुलगी झाली. भाचेसून वैजापूरकडची, शिकलेली, बोलायला मोकळी. पोरीला पहिल्या लशी वेळेवर दिल्या. तिसऱ्या महिन्यातल्या एका डोसनंतर तिला ताप चढला आणि त्या तापात झटका आला. डोळे फिरले, अंग ताठलं. दोन-तीन मिनिटांचा खेळ होता. डॉक्टरांनी सांगितलं की लहान लेकरांना जास्त तापात असं होतं, यातून पुढं काही होत नाही. पण ती दोन-तीन मिनिटं पोर दादाच्या मांडीवर होती. तो म्हणाला की, बास. आता या लेकराला सुई लागणार नाही. आशाताई घरी आल्या, दोनदा आल्या, आणि अंगणातूनच परत गेल्या.

झटक्याचं मला त्याच वेळी कळलं होतं. पुढच्या लशींचं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं आणि मग मला काहीतरी बोलावं लागलं असतं. हे मी आज कबूल करते. तेव्हा मी स्वतःला सांगत होते की, त्यांचं घर आहे, त्यांना कळतंय.

गेल्या वर्षी माघात शहरात भाचेसुनेच्या नात्यातलं लग्न होतं. जाता जाता दादा, भाचेसून आणि पोरगी माझ्याकडं आले. अशा वेळी माझे नियम ठरलेले असतात. खिडक्या उघड्या, मला मास्क, पाहुणे दिवाणावर आणि मी दाराजवळच्या खुर्चीत. पोरगी पावणेदोन वर्षांची झाली होती. मी तिला फोटोंतच मोठी होताना पाहिलं होतं. तिचं नाक वाहत होतं आणि डोळे लालसर होते. भाचेसून म्हणाली की, प्रवासानं सर्दी झालीय. मी खुर्ची आणखी थोडी मागं घेतली.

पोरगी दिवाणावरून उतरली आणि सरळ माझ्याकडं आली. माझ्या गुडघ्याला धरून उभी राहिली. तिची आई तिला घ्यायला उठली, तेवढ्यात तिनं दोन्ही हात वर केले. मी तिला उचललं. सात-आठ वर्षांत मी कुठलंही लेकरू उचललं नव्हतं. अंग गरम होतं, केसांना खोबरेल तेलाचा वास होता. तिनं माझा मास्क ओढून खाली केला, तोंड पाहिलं आणि माझ्या खांद्यावर मान टाकली. भाचेसून म्हणाली, "आत्या, द्या इकडं तिला, सर्दी लागंल तुम्हाला." मी म्हणाले की, असू दे थोडा वेळ. ती जवळजवळ अर्धा तास माझ्या मांडीवर होती. आणि त्या अर्ध्या तासात मला माझ्या आजाराची एकदाही आठवण झाली नाही, असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. आठवण होती. तरी मी तिला खाली ठेवलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाचेसुनेचा फोन आला. पोरीच्या कानामागून आणि कपाळावर लाल पुरळ उठलं होतं, ताप उतरत नव्हता. पाचोडच्या डॉक्टरांनी गोवर सांगितला होता. मीच विचारलं, "गोवराची लस दिली होती ना?"

"नाही आत्या," ती म्हणाली. "मामांनी नको म्हटलं. मी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं." मामा म्हणजे तिचा सासरा, माझा दादा.

मी किडनीच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "लहानपणी तुम्हाला गोवर येऊन गेलाय का?"

मला ठाऊक नव्हतं. ही असली गोष्ट आईला ठाऊक असते. आई जाऊन पंधरा वर्षं झाली होती. गोवराची लस जिवंत विषाणूंची असते, ती मला देता येत नाही, हे मला त्यांनी पूर्वीच सांगितलं होतं. इतरांनी घेतलेली लस हीच माझी लस. डॉक्टर म्हणाले की, घरात कुणाला आठवत असेल तर विचारा, पण थांबू नका, बॅग भरून निघा.

मी दादाला फोन केला. तो पोरीच्या उशाशी बसला होता. मी म्हणाले, "दादा, मला लहानपणी गोवर आला होता का?"

"तुला नाय. मला आला व्हता," तो लगेच म्हणाला. "आईनं मला मधल्या खोलीत लिंबाच्या पाल्यावर निजवलं व्हतं. अन् तुला मामाकडं वैजापूरला धाडलं, तुला लागू नाय म्हणून. महिनाभर तिकडंच व्हतीस तू."

वैजापूर मला आठवत होतं. मामा मार्केट यार्डात कामाला होता. घराच्या ओट्यावर बसलं की कांद्याचा वास यायचा, आणि मी रोज संध्याकाळी ओट्यावर बसायचे. मी चार वर्षांची असेन. आपण काहीतरी चुकीचं केलं म्हणून आपल्याला इथं ठेवलंय, असं मला वाटायचं. इतकी वर्षं ते तसंच डोक्यात राहिलं होतं. कुणाला विचारायचं सुचलं नाही.

"तू का इचारती?" दादानं विचारलं. मी सांगितलं. पोर माझ्या मांडीवर बसली होती, आणि मला गोवर कधी आलेला नाही, म्हणून मी दवाखान्यात भरती व्हायला निघालेय. त्याच्या डोक्यात ते दोन धागे तोवर जोडलेच गेले नव्हते. पोरीच्या काळजीत माझा विचार करायला त्याला जागा नव्हती. मी फोन ठेवला आणि बॅग उचलली.

दवाखान्यात मला वेगळ्या खोलीत ठेवलं आणि सलाइनमधून एक औषध दिलं. सिस्टरनं सांगितलं की, अनेक लोकांच्या रक्तातून काढलेली तयार ताकद असते ही, उसनी. तिचं थेंब थेंब पडणं मी दिवसभर पाहत राहिले. कुणाकुणाची ती ताकद असेल, कधी ना कधी गोवर झालेल्या किंवा लस घेतलेल्या अनोळखी माणसांची. दोन दिवसांनी घरी सोडलं. अठ्ठावीस दिवस कुणाला भेटायचं नाही आणि रोज दोनदा ताप बघायचा, असं सांगितलं. मला हसू आलं. भेटायचं कुणाला होतं?

इकडं पोरीच्या छातीत कफ भरला. पाचोडहून तिला शहरात आणलं आणि लहान मुलांच्या एका दवाखान्यात ठेवलं. ऑक्सिजन लावला. माझ्या घरापासून ते ठिकाण रिक्षानं दहा मिनिटांवर. मी जाऊ शकत नव्हते. भाचेसून सकाळ-संध्याकाळ एका ओळीचा निरोप टाकायची. आज दूध पिली. आज पिली नाही. मी थर्मामीटर काखेत धरून तो निरोप पुन्हा पुन्हा वाचायचे. डोकं जरा जड झालं की आरशासमोर जाऊन कानामागं बघायचे.

पाचव्या की सहाव्या दिवशी दुपारी दादाचा फोन आला की, बाल्कनीत ये. खाली रस्त्याच्या पलीकडं, बंद दुकानाच्या पायरीवर तो उभा होता. तोंडाला मास्क होता. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्याला मास्क लावलेलं पाहत होते. तो वर बघत होता आणि फोन कानाला होता. मीही कानाला लावला. पोरीचं विचारलं. तो म्हणाला की, डॉक्टर म्हणतात दोन दिवस कळ काढा. माझा ताप विचारला. मी नाही म्हणाले. मधून गाड्या जात होत्या.

तो म्हणाला, "मी आडवा आलो. पोरीला आडवा आलो अन् तुला बी."

मी त्याला नाही रे म्हणाले असते. आठ वर्षं तेच करत आले होते. पण त्या दिवशी तोंडातून निघालं नाही. मी म्हणाले, "तू मला जगवलंस म्हणून मी तुझ्याशी कधी भांडले नाही, दादा. भांडायला पाहिजे होतं."

त्यानं मान खाली घातली.

"मग भांडायचं व्हतं की," तो म्हणाला. "तू भांडू नये म्हणून दिली व्हती का मी?"

रागानं म्हणाला नाही. खरंच विचारत होता. मला बाल्कनीतल्या स्टुलावर बसावं लागलं. बसल्यावर कठड्यामुळं तो दिसेना. परत उभी राहिले तेव्हा तो दवाखान्याच्या दिशेनं निघाला होता.

पोरगी वाचली. अकराव्या दिवशी तिला घरी सोडलं. खूप वाळली होती, कित्येक आठवडे अन्न तोंडात धरून बसायची. डावा कान वाहायला लागला आणि तो बरा व्हायला वेळ लागला. त्या कानानं तिला कमी ऐकू येतं. पुढं सुधारेल असं एक डॉक्टर म्हणतात, दुसरे काही बोलत नाहीत. मला गोवर झाला नाही. अठ्ठावीस दिवस संपले त्या सकाळी मी थर्मामीटर धुऊन डबीत ठेवला. ते कुणाला सांगावंसं वाटलं. भाचेसुनेला फोन केला तर ती पोरीला भरवत होती, म्हणाली नंतर करते.

पोरगी सावरल्यावर दादा स्वतः तिला आरोग्य केंद्रात घेऊन गेला आणि राहिलेल्या सगळ्या लशी द्यायला लावल्या. सुई टोचताना तो बाहेर जाऊन उभा राहिला, असं भाचेसून सांगत होती. स्वतः मात्र त्यानं अजून एकही घेतलेली नाही. मी आता त्याच्याशी भांडते. दर फोनला भांडते. तो ऐकून घेतो आणि म्हणतो की, माझं माझ्यावर सोड.

पण एक झालं. तो माझ्या घरात यायचा बंद झाला. पूर्वी शहरात आला की बिनधास्त वर यायचा, दिवाणावर पाय पसरून झोपायचा. आता भिऊन आहे. माझ्यासाठी काही आणलं तर दाराबाहेर ठेवतो, बेल वाजवतो आणि मी दार उघडेपर्यंत अर्धा जिना उतरलेला असतो. मी म्हणते की, अरे तुला काही झालेलं नाही, मास्क लाव आणि आत ये, खिडक्या उघड्या आहेत. तो म्हणतो की, नको बाई, मला खोकला आल्यासारखं वाटतंय. त्याला खोकला नसतो. सावधपणा त्याला मीच शिकवत होते. आणि तो शिकला तेव्हा माझ्याकडं येणारं एकमेव माणूस जिन्यात थांबायला लागलं. मागच्या महिन्यात मी खुर्ची उंबऱ्यात आणून ठेवली. तो मधल्या वळणावर पायरीवर बसला. पाऊणएक तास आम्ही बागेबद्दल बोललो. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ दोघांच्या मधून वर गेले आणि परत खाली आले. त्यांना काय वाटलं असेल कुणास ठाऊक.

रविवारी सकाळी भाचेसून फोन करते. पोरगी आता पुष्कळ बोलते. मला आत्या म्हणते, कारण तिची आई म्हणते. मी तिला विचारते की काय खाल्लंस, मांजर कुठं आहे. कधी पलीकडून काहीच उत्तर येत नाही. मग भाचेसुनेचा आवाज येतो, "थांबा आत्या, तिनं डाव्या कानाला धरलाय." फोन सरकल्याचं खरखरतं. मी मघाचंच पुन्हा पहिल्यापासून विचारते.